पहिल्या वर्षाचे लेखन : बीड जिल्ह्यातील महाविद्यालयीन विद्यार्थी आणि त्याच्याकडून झालेल्या अपेक्षा

अंबाजोगाई येथे योगेश्वरी शिक्षण संस्थेने १९५६ साली महाविद्यालय सुरू केले, तेव्हा बीड जिल्ह्यातील तरुणाला जिल्ह्यातल्या जिल्ह्यात उच्च शिक्षणाची सोय झाली. स्वामी रामानंद तीर्थांचे नाव पुढे ज्या महाविद्यालयाला मिळाले तेच हे महाविद्यालय होय. त्याच्या पहिल्या वर्गात येऊन बसलेला विद्यार्थी १९३९ च्या सुमारास जन्मलेला असणार. त्याने पाटीवर पहिले अक्षर गिरविले ते निजामाच्या राज्यात. तो नऊ वर्षांचा असताना सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई झाली व ते राज्य संपले. तो महाविद्यालयात आला आणि पहिले सत्र संपते न संपते तोच, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, त्याचा जिल्हा हैदराबाद राज्यातून निघून द्वैभाषिक मुंबई राज्यात गेला. त्याची पदवी पुरी होण्यापूर्वी विद्यापीठ बदलले, आणि पदवीचे शिक्षण पुरे होण्याच्या सुमारासच, १ मे १९६० रोजी, पुन्हा एकदा राज्य बदलले. एवढ्या उलथापालथीत त्याने एका गोष्टीतून मात्र सुटका मिळविली नाही : त्याला लिहावे लागत होते, आणि आपण कसे लिहिले पाहिजे हे दर वेळी दुसराच कोणी ठरवीत होता.

महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्याने कोणत्या भाषेत, कोणत्या लिपिनियमांनी व कोणत्या घाटाचे लेखन करावे ह्याविषयीच्या अपेक्षांचा इतिहास मराठवाड्यात स्वतंत्रपणे क्वचितच विचारात घेतला गेला आहे. शिक्षणाचा इतिहास लिहिताना संस्थांची स्थापना, इमारती, देणग्या आणि विद्यार्थिसंख्या ह्यांची नोंद होते. उत्तरपत्रिकेवरील तांबड्या शाईची नोंद होत नाही. तथापि खेड्यातून आलेल्या मुलाचे पुढे काय व्हावयाचे हे पुष्कळदा त्या शाईनेच ठरविलेले आहे.

निजामी राज्यातील लेखनव्यवहार एकाच भाषेचा कधीच नव्हता. गावच्या कुलकर्ण्याच्या दप्तरात मोडीतील मराठी होती. एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकात फारसी मागे पडून उर्दू ही राजभाषा झाली, तेव्हापासून तालुक्याच्या कचेरीत व न्यायालयात उर्दूचा अंमल बसला. मठामंदिरांतील पोथ्या देवनागरीत होत्या. ज्या अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी दाखविली जाते आणि दासोपंतांनी कापडाच्या लांबलचक पासोडीवर पंचीकरणाचे विवरण लिहून ठेवले, त्याच गावाचे सरकारी नाव मोमिनाबाद होते. सामान्य कुणब्याच्या घरात कागद येई तो दरखास्तीच्या किंवा फैसल्याच्या रूपाने, आणि तो वाचून घेण्यासाठी दुसऱ्याच्या दारी जावे लागे. लिहिणे ही गोष्ट घरची नव्हती. ती कचेरीची होती. ही जाणीव पुढे महाविद्यालयाच्या वर्गापर्यंत विद्यार्थ्याच्या सोबत आली, हे विसरून चालणार नाही.

ह्या राज्याचे विद्यापीठ म्हणजे हैदराबादचे उस्मानिया. त्याच्या स्थापनेचे फर्मान १९१७-१८ मधले; अध्यापनास आरंभ १९१९ मध्ये झाला. उच्च शिक्षणाचे सर्व विषय एका भारतीय भाषेतून शिकविण्याचा धाडसी संकल्प ह्या विद्यापीठाने केला, ग्रंथांच्या भाषांतरासाठी १९१७ मध्येच स्वतंत्र विभाग काढला, आणि इंग्रजी हा आवश्यक विषय ठेवून माध्यम म्हणून उर्दू स्वीकारली. मुंबई, मद्रास व कलकत्ता येथील विद्यापीठे इंग्रजीच्या छायेत वाढत असताना हा प्रयोग झाला, म्हणून भारतीय शिक्षणाच्या इतिहासात त्याचे मोल मोठे आहे. विद्यार्थ्याने परक्या भाषेत घोकंपट्टी न करता आपल्या भाषेत विचार करावा, हे त्यामागील तत्त्व निर्दोष होते. पण ‘आपली’ भाषा कोणाची? गेवराईच्या किंवा केजच्या मराठीभाषक मुलाला उर्दू परकी नसली तरी ती बाजाराची, कचेरीची भाषा होती. आईशी बोलण्याची नव्हती. इंग्रजीविरुद्ध मांडलेला युक्तिवाद जसाच्या तसा उर्दूलाही लागू पडतो, हे त्या तत्त्वाच्या पुरस्कर्त्यांना दिसले नाही. किंवा दिसले असले तरी त्यांनी ते मनावर घेतले नाही.

माध्यमिक शिक्षणावरही उर्दूचेच प्राबल्य असल्यामुळे मराठीतून शिकविणाऱ्या खाजगी शाळांना राजकीय अर्थ प्राप्त झाला. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि त्यानंतर १९३५ मध्ये अंबाजोगाईत सुरू झालेले योगेश्वरी नूतन विद्यालय ह्या अशा शाळा होत. स्वामी रामानंद तीर्थ व बाबासाहेब परांजपे ह्यांनी तेथे जे घडविले त्याचा परिणाम १९३८ च्या सत्याग्रहात व त्यानंतरच्या मुक्तिसंग्रामात दिसून आला. ह्या शाळांच्या राजकीय कार्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. पण मराठीत निबंध लिहिणे हेच त्या काळी बंडाच्या जवळ जाणारे कृत्य होते, ही साधी गोष्ट त्या लेखनात बहुधा निसटते. विद्यार्थ्याने स्वतःच्या भाषेत एक पान लिहावे एवढ्यासाठी तेथील शिक्षकांना शाळा उभारावी लागली.

स्वातंत्र्यानंतर उस्मानियात उर्दूची जागा इंग्रजीने घेतली. मराठवाड्यातील महाविद्यालये त्या वेळी ह्याच विद्यापीठाच्या कक्षेत होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने औरंगाबादेत १९५० मध्ये काढलेले महाविद्यालय, म्हणजेच पुढचे मिलिंद महाविद्यालय, आणि १९५६ चे अंबाजोगाईचे महाविद्यालय ही त्यांतलीच. म्हणजे उर्दूच्या कचाट्यातून सुटलेल्या पिढीच्या पुढ्यात इंग्रजी येऊन उभी राहिली. २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबाद येथे पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले तेव्हा हा प्रश्न प्रदेशाच्या स्वतःच्या हाती आला. पहिले कुलगुरू सुंदरराव डोंगरकेरी हे मुंबई विद्यापीठाचे दीर्घकाळचे कुलसचिव. त्यामुळे परीक्षा, नियम व अभ्यासमंडळे ह्यांची घडी अनुभवी हातांनी बसविली गेली. १९६० मध्ये बीड शहरात बलभीम महाविद्यालय निघाले. कला शाखेचे अध्यापन पुढे प्रामुख्याने मराठीतून होऊ लागले. आता तरी विद्यार्थी आणि त्याची भाषा ह्यांच्यामधील अंतर मिटावयास हवे होते.

ते मिटले नाही. ह्याची कारणे समजून घ्यावयाची तर पहिल्या वर्षाच्या भाषाविषयात प्रत्यक्ष काय अपेक्षित होते ते पाहिले पाहिजे. मराठी विद्यापीठांतून ‘लेखन’ असा वेगळा अभ्यासक्रम फार काळ नव्हताच. गद्यपद्याची नेमलेली पुस्तके असत व त्यांच्या जोडीला निबंध, सारांशलेखन, पत्रलेखन असे काही प्रश्न असत. वर्षभर तासाला चाले ते व्याख्यान : प्राध्यापक पाठ समजावून सांगत, विद्यार्थी टिपणे घेत. निबंध कसा लिहावा हे सांगितले जाई. पण विद्यार्थ्याने लिहिलेला निबंध तपासून, त्याच्याशी बोलून, तो पुन्हा लिहून घेण्यास शंभर-दीडशेच्या वर्गात वेळ कोठून मिळणार? परिणामी विद्यार्थ्याने सलग लिहिलेले पहिले पान पुष्कळदा परीक्षागृहातच जन्मास येई, आणि ते लिहिणाऱ्याकडे परत न येता गठ्ठ्यात बांधले जाई. ह्या विषयाला विद्यार्थी ‘पेपर’ म्हणतात, तो शब्द अगदी योग्य आहे. शिकविण्याचा विषय नसून तपासण्याचा कागद, असेच त्याचे स्वरूप राहिले.

अशा स्थितीत १९६२ साल उजाडले. मराठी साहित्य महामंडळाची स्थापना १९६१ मध्ये झाली होती, आणि पुणे, मुंबई व विदर्भ येथील संस्थांबरोबर मराठवाडा साहित्य परिषद ही तिची घटक संस्था होती. महामंडळाने मराठी लेखनाचे चौदा नियम सिद्ध केले व महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये त्यांना मान्यता दिली. १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडून त्यांची संख्या अठरा झाली. ज्या वर्षांत हे नियम आले ती वर्षे शासनव्यवहार मराठीत आणण्याच्या खटपटीची होती : भाषा संचालनालय १९६० मध्ये स्थापन झाले, राजभाषा अधिनियम १९६४ मध्ये संमत झाला व पुढील वर्षी अंमलात आला. नव्या राज्याला एकरूप लेखनाची निकड होती, आणि ती नियमकर्त्यांनी पुरी केली. त्यांच्या कामगिरीचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. जुन्या वादात वर्षानुवर्षे अडकलेला अनुस्वारांचा गुंता त्यांनी एका वाक्यात सोडविला : ज्याचा उच्चार होत नाही तो अनुस्वार लिहू नये.

ह्या एका वाक्याचा परिणाम बीडच्या वर्गात काय झाला असेल ह्याचा विचार करून पाहावा. शाळेच्या शेवटच्या वर्गापर्यंत मुलगा ‘मुलें’, ‘केलें’, ‘तेथें’, ‘नांव’, ‘कांहीं’, ‘पांच’ असे लिहिण्यास शिकला होता. त्यांतला एखादा अनुस्वार राहिला तर गुण गेले होते. महाविद्यालयात येताच तोच अनुस्वार दिला म्हणून गुण जाऊ लागले. ग्रंथालयातील बहुतेक पुस्तके जुन्या लेखनाची, परीक्षा नव्या लेखनाची. त्यातही नियमांनी एक सूट ठेवली होती : केशवसुतांच्या पूर्वीचे पद्य आणि विष्णुशास्त्री चिपळूणकरांपर्यंतचे गद्य मुळाबरहुकूम छापावे. संशोधनाच्या दृष्टीने ही सूट अत्यंत आवश्यक होती. पण तिच्यामुळे एकाच पाठ्यपुस्तकाच्या दोन पानांवर दोन लेखनपद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या, आणि त्यांतली कोणती आपल्यासाठी हे विद्यार्थ्याने ओळखावयाचे होते.

अनुस्वाराचा नियम तरी कानाने पाळता येतो. ऱ्हस्वदीर्घाच्या नियमांचे तसे नाही. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले इकारान्त व उकारान्त शब्द दीर्घ लिहावेत असे ठरले : कवि ऐवजी कवी, गुरु ऐवजी गुरू, मति ऐवजी मती. मात्र तेच शब्द समासाच्या आरंभी आले की मूळचे ऱ्हस्व : कविराज, गुरुदक्षिणा, मतिमंद. स्वतः ‘विद्यार्थी’ हा शब्दसुद्धा एकटा असताना दीर्घ आणि ‘विद्यार्थिदशा’ म्हणताना ऱ्हस्व होतो. हे समजण्यासाठी शब्द संस्कृतातला की मराठीतला, समास झाला की नाही, हे आधी समजले पाहिजे. ज्याच्या घरी संस्कृताचा संस्कार होता त्याला हे नियम म्हणजे ओळखीच्या गोष्टीची उजळणी होती. ज्याचा बाप निरक्षर होता, किंवा ज्याचे आरंभीचे शिक्षण उर्दूतून झाले होते, त्याला ती पाठ करण्याची यादी होती. नियम दोघांना एकच होता. अंतर वेगळे होते.

चौदा नियमांपैकी एकाकडे येथे विशेष लक्ष वेधले पाहिजे. कथाकादंबऱ्यांतील पात्रांच्या तोंडी बोलीची रूपे घालावयाची असतील तर ‘असं केलं’, ‘मी म्हटलं’ असे उच्चारानुसारी लेखन करावे. अन्य लेखनात ‘असे केले’, ‘मी म्हटले’ अशीच रूपे वापरावीत, असा त्याचा आशय आहे. म्हणजे बोललेल्या भाषेला कागदावर जागा मिळाली, परंतु अवतरणचिन्हांच्या आत. लिहिणारा स्वतःच्या नावाने बोलू लागला की त्याने दुसरी भाषा धारण करावयाची. पुण्यामुंबईच्या मध्यमवर्गीय विद्यार्थ्याच्या बाबतीत ह्या दोन रूपांमधले अंतर एका अनुस्वाराएवढे आहे. बीड जिल्ह्याच्या पश्चिम भागात ‘मपला’, ‘तुपला’ म्हणतात. ‘करतो आहे’ ह्या अर्थी मराठवाड्यात ‘करायलाय’ म्हणतात. ‘म्हणून’ चे ‘म्हून’ होते आणि ‘पाणी’ चे पुष्कळांच्या तोंडी ‘पानी’. तेथील विद्यार्थ्याला अवतरणचिन्ह ओलांडताना अनुस्वार तेवढा टाकून भागत नाही. सर्वनाम, क्रियापद व वर्ण सगळेच मागे ठेवावे लागते.

ह्याचा अर्थ प्रमाणभाषा शिकवू नये असा मुळीच नाही. तसे म्हणणाऱ्यांची मुले बहुधा प्रमाणभाषेतच वाढलेली असतात. कचेरीत, न्यायालयात व वृत्तपत्रात जी भाषा चालते ती न शिकविणे म्हणजे विद्यार्थ्याला दाराबाहेर उभे करणे होय. प्रश्न आहे तो तपासणाऱ्याने चूक कशाला म्हणावे हा. ‘पाऊस पडला न्हाई म्हून बाप कारखान्याला गेला’ असे एखादे वाक्य कल्पावे. त्यात कार्यकारणभाव चोख आहे, अन्वय स्पष्ट आहे, माहिती खरी आहे. ‘न्हाई’ व ‘म्हून’ ही दोन रूपे बदलली की ते कोणत्याही मासिकात छापण्याजोगे वाक्य होते. याउलट बाजारातील मार्गदर्शकातून पाठ केलेले पावसाळ्यावरचे सुंदर, अलंकृत आणि निर्जीव परिच्छेद असतात. त्यांत रूपे शुद्ध असतात व म्हणण्याजोगे काही नसते. पहिल्याला कमी गुण आणि दुसऱ्याला अधिक, हा हिशेब वर्षानुवर्षे चालत आला. बोलीचे व्याकरण, लेखनाचे नियम आणि विचाराची मांडणी ह्या तीन निराळ्या गोष्टी आहेत. तांबड्या शाईला मात्र एकच रंग असतो.

हा प्रश्न केवळ मराठवाड्याचा किंवा मराठीचा नव्हे. अमेरिकेतील हार्वर्ड महाविद्यालयाने १८७४ मध्ये प्रवेशार्थींसाठी इंग्रजीतील लेखी निबंधाची परीक्षा सुरू केली, तेव्हा उत्तम शाळांतून आलेल्या मुलांपैकीसुद्धा अर्ध्याहून अधिक तीत अनुत्तीर्ण झाली. त्यातून १८८५ मध्ये पहिल्या वर्षासाठी लेखनाचा सक्तीचा अभ्यासक्रम उभा राहिला, आणि अशा अभ्यासक्रमांची प्रथा पुढे त्या देशभर पसरली. तेथेही आरंभीचा भर शुद्धाशुद्धावरच होता. परंतु निदान एक गोष्ट मान्य झाली होती, की लिहिणे हे महाविद्यालयात शिकविण्याचे काम आहे. ह्याहून बीडच्या जवळचे उदाहरण न्यूयॉर्कच्या नगर विद्यापीठाचे आहे. १९७० मध्ये त्या विद्यापीठाने शहरातील सर्व माध्यमिक पदवीधरांना प्रवेश खुला केला, आणि ज्यांच्या घरात कोणी महाविद्यालय पाहिले नव्हते असे हजारो विद्यार्थी वर्गांत आले. मीना शॉनेसी ह्या प्राध्यापिकेने प्रवेशाच्या वेळी लिहिलेले सुमारे चार हजार निबंध बारकाईने वाचले. त्यांचा ‘चुका आणि अपेक्षा’ ह्या अर्थाच्या नावाचा ग्रंथ १९७७ मध्ये निघाला. विद्यार्थ्यांच्या चुका अडाणीपणातून येत नाहीत, त्यांना स्वतःचे तर्कशास्त्र असते, अर्धवट कळलेला नियम विद्यार्थी सर्वत्र लावू पाहतो, आणि शिक्षकाने चूक मोजण्याऐवजी वाचावयास शिकले पाहिजे, असे त्यांनी दाखवून दिले. ‘कवी’ शिकल्यावर ‘कवीराज’ लिहिणारा बीडचा विद्यार्थी नेमके हेच करीत असतो. त्याने नियम मोडलेला नसतो. जरुरीपेक्षा अधिक पाळलेला असतो.

बीडच्या उत्तर सीमेवरून वाहणाऱ्या गोदावरीच्या खोऱ्यात ह्याच विषयाचा एक जुना निवाडा नोंदलेला आहे. महानुभाव पंथातील केशिराजबासांनी संस्कृतात ग्रंथरचना करण्याचा मनोदय व्यक्त केला तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना आवरले, कारण तसे झाले तर पंथातील म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील. तेराव्या-चौदाव्या शतकातील ही घटना मराठीच्या अभिमानाचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. तिचे खरे वैशिष्ट्य निराळे आहे. लेखन कोणत्या भाषेत व्हावे हे नागदेवाचार्यांनी नियमाच्या आधाराने ठरविले नाही, वाचणाराकडे पाहून ठरविले. महाविद्यालयीन निबंधाला वाचणारा कोण? परीक्षक. त्याला मजकुराची गरज नसते, पावसाळ्याविषयी त्याला काही जाणून घ्यावयाचे नसते, आणि लिहिणाऱ्याला तो कधी भेटत नाही. ज्याला ऐकावयाचे नाही त्याला सांगण्यासाठी लिहिलेले गद्य निर्जीव झाले तर त्याचा दोष एकट्या विद्यार्थ्याला देता येणार नाही.

वर्गाबाहेर मात्र वेगळे घडत होते. औरंगाबादेत १९६० च्या दशकाच्या अखेरीस गंगाधर पानतावणे ह्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालविण्यास घेतले, आणि शिकून लिहू लागलेल्या पहिल्या पिढीतील कितीतरी तरुणांना स्वतःच्या अनुभवाचे व स्वतःच्या भाषेचे लेखन छापून आलेले पाहावयास मिळाले. रा. रं. बोराडे ह्यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली; तिची निवेदिका प्रारंभापासून अखेरपर्यंत मराठवाड्याच्या बोलीतच बोलते. अवतरणचिन्हांची कुंपणे तिने मोडली आणि साहित्याने तिचे स्वागत केले. पण साहित्याला दिलेली ही मुभा निबंधापर्यंत पोहोचली नाही. ज्या रूपांचे वर्गात कौतुकाने विवरण होई त्याच रूपांना उत्तरपत्रिकेत अधोरेखा मिळे. ह्यात प्राध्यापकांचा दुटप्पीपणा नव्हता. कलाकृती व उत्तर ह्यांना निरनिराळे नियम लागतात हे त्यांना ठाऊक होते. विद्यार्थ्याला ते कोणी सांगितले नव्हते, एवढेच.

१९७५ मध्ये दहावीची पहिली व १९७७ मध्ये बारावीची पहिली परीक्षा झाली, आणि शिक्षणाच्या नव्या आकृतिबंधात पूर्वीचा महाविद्यालयाचा उंबरठा मागे सरकला. लेखनाचे प्राथमिक शिक्षण कनिष्ठ महाविद्यालयात झालेले असणार असे पदवीच्या पहिल्या वर्षाने गृहीत धरले. कनिष्ठ महाविद्यालयाने ते शाळेत झाल्याचे गृहीत धरले होते. पुढे द्वितीय भाषेच्या अभ्यासक्रमात अर्ज, वृत्तान्त, जाहिरात, मुलाखत अशा उपयोजित लेखनाची भर पडली. विद्यापीठाचा १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, सत्रपद्धती आली, अंतर्गत मूल्यमापन आले, आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार भाषाविषय हा क्षमतावर्धनाचा अभ्यासक्रम म्हणून ओळखला जाऊ लागला. नावे बदलली; वर्गातली संख्या आणि एका शिक्षकाच्या वाट्याला येणारे गठ्ठे ह्यांत मोठा फरक पडला नाही.

पाठ केलेल्या निबंधाविषयीची भूमिकाही कधी स्पष्ट झाली नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने वाङ्मयचौर्यास आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये विनियम काढले. त्यांत संशोधनपर लेख व प्रबंध ह्यांच्यासाठी साम्याच्या टक्केवारीनुसार कारवाईच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. मात्र वर्गकार्य, निबंध व उत्तरपत्रिका ह्यांना त्या विनियमांच्या व्याख्येतून स्पष्टपणे वगळले आहे. व्यवहाराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. लक्षावधी उत्तरपत्रिका कोण पडताळणार? पण त्यामुळे असा विलक्षण प्रकार होतो की दुसऱ्याचे लेखन आपले म्हणून मांडू नये हे विद्यार्थ्याला संशोधनाच्या पायरीवर प्रथम कळते, आणि त्याआधीची कितीतरी वर्षे दुसऱ्याचे लेखन जसेच्या तसे उतरविण्याबद्दल त्याला गुण मिळालेले असतात.

आणखी एक अपेक्षा लेखनाच्या नियमांत येत नाही, तरी बीडच्या विद्यार्थ्याला ती सर्वांत जड जाते. ती म्हणजे हजेरीची. अन्य विद्यापीठांप्रमाणे येथेही तीनचतुर्थांश उपस्थिती आवश्यक मानली जाते. परंतु ह्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरादिवाळीच्या सुमारास लाखो माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्राकडे व कर्नाटकाकडे जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडावयाची असते. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तेथला हिशेब असतो. घरातला शिकणारा मुलगा सोबत गेला तर त्याचा वर्ग बुडतो. मागे राहिला तर म्हाताऱ्या माणसांचा, धाकट्या भावंडांचा व गुरांचा भार त्याच्यावर पडतो, आणि मुलगी असेल तर शिक्षणाआधी तिच्या लग्नाचा विचार होतो. अशा विद्यार्थ्याला व्याख्यान बुडल्याने नेमलेल्या पाठाचे नुकसान होते हे खरे. लेखनाचे तसे होण्याचे कारण नाही. फडातल्या कोपीत, कंदिलाच्या उजेडात लिहिलेले पान पोस्टाने किंवा आता दूरध्वनीवरून पाठविता येते, वाचता येते, त्यावर चार ओळी लिहून ते परत करता येते. पुन्हा लिहून घेण्यावर आधारलेला अभ्यासक्रम असता तर गैरहजेरी त्याला सर्वांत कमी बाधली असती. व्याख्यान व परीक्षा ह्यांवर उभारलेल्या अभ्यासक्रमाला ती सर्वांत अधिक बाधते.

ह्या विद्यार्थ्यांपाशी सांगण्यासारखे काही नाही असे म्हणवत नाही. कोयता, टोळी, फड, पाचट, वाढे, उचल ह्या शब्दांनी भरलेले एक संपूर्ण जग त्यांना ठाऊक आहे, आणि त्याचे काटेकोर वर्णन करणारे गद्य मराठीत अजून पुरेसे नाही. पहिल्या सत्रात निबंध लिहावा लागतो, तेव्हा परंपरेने येणारे विषय मात्र ऋतू, सण, थोर पुरुष आणि विज्ञान शाप की वरदान असेच असतात. सत्राची परीक्षा साधारणतः दिवाळीच्या आगेमागे येते. साखर कारखान्यांचे गाळप त्याच सुमारास सुरू होते, आणि जिल्ह्यातल्या रस्त्यांवरून माणसे, संसार व बैल घेऊन निघालेल्या गाड्या जाऊ लागतात.